पुढील स्थानक वैभववाडी

कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे. मिरजेहून निघालेले रूळ जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे करत शहरात शिरतात आणि शाहू महाराज टर्मिनसवर बफरला टेकून थांबतात. १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली. त्यानंतर मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, डिझेलचं जाऊन विजेचं आलं, स्टेशनचं नाव बदललं, बाहेरचे टांगे जाऊन रिक्षा आल्या. रुळांनी मात्र पश्चिमेकडे एक पाऊलही टाकलं नाही.

शेवटच्या स्टेशनात राहण्याची मजा मधल्या स्टेशनवाल्यांना कळायची नाही. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणारा सांगलीकर पहाटेचा गजर लावून झोपतो, मधेच दचकून उठतो, खिडकीची काच पुसून बाहेरच्या अंधारात डोळे घालतो आणि कोणतं स्टेशन गेलं म्हणून शेजाऱ्याला हलवतो. शेजारचा कोल्हापूरकर मात्र निवांत घोरत असतो. त्याचं स्टेशन चुकणं शक्यच नसतं. डबा झाडायला आलेला माणूस त्याला उठवतो आणि तो जांभई देत विचारतो, "आलं व्हय?" जातानाही थाट तोच. गाडी इथूनच सुटते म्हणून रिकामी लागते. रुमाल टाकावा, खिडकी धरावी, मिरज यायच्या आत दशम्यांचा डबा सोडावा आणि मिरजेला आत घुसणाऱ्या गर्दीकडे मालकीच्या नजरेनं बघावं.

एवढं सुख असूनही आम्हाला पुढं जायचं आहे. कारण नकाशा. कोल्हापूरकराच्या हातात महाराष्ट्राचा नकाशा दिला, की त्याचं बोट आपोआप पश्चिमेला सरकतं. रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज, गगनबावडा, मग करूळचा घाट, आणि घाट उतरला की वैभववाडी. तिथं कोकण रेल्वे उभी आहे. मधलं अंतर बोटाच्या पेरात मावतं. प्रस्तावित रेल्वेमार्गाची लांबी १०७ किलोमीटर.

आज मात्र कुणी हट्टानं रेल्वेनंच वैभववाडीला जायचं म्हटलं, तर त्याला दोन वाटा आहेत. पहिली : कोल्हापूरहून उलट्या दिशेनं मिरज, तिथून पुणे, मग कर्जत, पनवेल, रोहा, आणि मग कोकण रेल्वेनं चिपळूण, रत्नागिरी करत वैभववाडी. दुसरी : मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागरचा धबधबा बघत मडगाव, आणि तिथून पुन्हा उत्तरेला सावंतवाडी, कुडाळ, कणकवली करत वैभववाडी. शेजाऱ्याच्या परसात जायला अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालावी, तसा हा प्रकार. दोन्ही वाटा निसर्गरम्य आहेत याबद्दल वाद नाही. पण कोकणातल्या पाहुण्याच्या लग्नाला निघालेला माणूस या वाटेनं गेला, तर बारशालाच पोचेल.

म्हणून पर्यायी मार्ग हवा. ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. खरं तर पर्यायी मार्ग हा आमच्या जिल्ह्याचा पावसाळी जीवनक्रमच आहे. आषाढ लागला की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, हे इथं लहान पोरालाही पाठ असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी चढत जाईल तसे गावोगावचे बंधारे, पूल आणि रस्ते एकेक करून पाण्याखाली जातात. किरवे, मांडुकलीजवळ पाणी आलं की गगनबावड्याचा रस्ता बंद. करूळ घाटात दरड आली की भुईबावड्यानं जा. भुईबावड्याला दरड आली की राधानगरीवरून फोंडा घाटानं जा. फोंड्यात झाड पडलं की घरी बसा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा तर पर्यायी मार्गालाही पर्याय उरला नाही. तेव्हा सह्याद्रीतून पार होणारी एक रेल्वे असावी, असं आम्हाला वाटतं यात चैन काही नाही.

रेल्वेची ही गरज जेवढी खरी, तेवढंच तिचं आश्वासन सोयीचं. निवडणूक जवळ आली की वैभववाडीची गाडी सिग्नलला येते. उमेदवार बदलतात, चिन्हं बदलतात, पक्ष तर इतके बदलतात की कोण कुठल्या गाडीत बसलाय हे गाडीलाही आठवत नसेल. गाडी मात्र तीच. सभा रंगात आलेली असते, वक्ता उसाच्या दरावरून पाण्यावर, पाण्यावरून रस्त्यावर येतो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "वैभववाडीचं बोला!" वक्ता गालात हसतो, एक हात वर करतो आणि म्हणतो, "तिकडंच येतोय." टाळ्या पडतात. पुढची पाच मिनिटं गाडी घाटातून धडधडत जाते, बंदराला लागते, गूळ परदेशी निघतो, हापूस रंकाळ्यावर येतो, आणि सभा संपते तेव्हा लोक आपापल्या मोटरसायकलींवरून खड्डे चुकवत घरी जातात.

मी पूर्वी या आश्वासनावर चिडत असे. आता मला त्यातली कारागिरी दिसते. गटाराचं आश्वासन देणं धोक्याचं असतं. गटार मतदाराच्या दारासमोर असतं. तो रोज सकाळी दात घासत त्याच्याकडे बघतो आणि उमेदवाराची आठवण काढतो. रस्त्याचं आश्वासनही तसंच जोखमीचं. रेल्वेचं तसं नाही. ती दिसत नाही, म्हणून अर्धवट राहिलेलीही दिसत नाही. नाही झाली तर दोष द्यायला माणसं भरपूर. केंद्रात एक सरकार आणि राज्यात दुसरं असेल, तर प्रश्नच मिटला. दोन्हीकडे एकच असेल, तर रेल्वे बोर्ड आहे, अर्थखातं आहे, वनखातं आहे. आणि सगळे दमले की शेवटी सह्याद्री आहेच. तो कुणाचा खुलासा खोडून काढत नाही.

आश्वासन घेणारेही काही कमी नाहीत. आम्हाला मोठी स्वप्नं लागतात. एखाद्या भाबड्या उमेदवारानं उद्या सभेत सांगितलं, की मी तुमच्या गल्लीतलं गटार बांधून देतो, पाच वर्षांत एवढंच जमेल, तर त्याचं डिपॉझिट जप्त होईल. "आमची लायकी गटाराची व्हय?" असं लोक म्हणतील. रेल्वे म्हटलं की छाती फुगते. जिल्हा मोठा झाल्यासारखा वाटतो. देणाऱ्याला खर्च नाही, घेणाऱ्याला अभिमान आहे. एवढा फायद्याचा व्यवहार शाहूपुरीच्या व्यापारपेठेतही सापडायचा नाही.

शिवाय या गाडीला टप्पे किती! रस्त्याला दोनच टप्पे, नारळ आणि डांबर. रेल्वेला आधी निवेदन, मग सर्वेक्षणाची मागणी, मग सर्वेक्षणाला मंजुरी, मग प्राथमिक सर्वेक्षण, मग रहदारीचा अंदाज, मग अंतिम सर्वेक्षण, मग सविस्तर प्रकल्प अहवाल, मग रेल्वेच्या गुलाबी पुस्तकात नाव, मग त्या नावासमोर टोकन तरतूद. ही टोकन तरतूद म्हणजे काम जिवंत आहे हे सांगण्यापुरती घातलेली रक्कम. हजारो कोटींच्या कामासमोर कधी कधी हजार रुपयेही दिसतात. हजार रुपयांत आज पाचसहा माणसांचं तांबडा-पांढऱ्यासकट जेवणही भागत नाही. पण फलकासाठी तेवढं पुरतं. प्रत्येक टप्प्याला एक फलक, फलकावर हात जोडलेले फोटो, खाली 'यांच्या अथक पाठपुराव्यास यश', आणि चौकात पेढे. एकाच गाडीचे पेढे आम्ही इतक्या वेळा खाल्ले आहेत, की प्रत्यक्ष गाडी आली तर गोडाचं काय करायचं हा प्रश्न पडेल.

यातला एक टप्पा मात्र खरोखरच मोठा होता. २०१६ च्या फेब्रुवारीत सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. राजापूरचे माजी खासदार, म्हणजे घाटाच्या त्या अंगाचेच. त्या वर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पात कोल्हापूर–वैभववाडी मार्गाला जागा मिळाली. खर्चाचा अंदाज तीन हजार चारशे कोटींच्या घरात. रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प मांडायची रीत १९२४ पासून चालत आली होती. २०१६ चा तो शेवटचा ठरला, पुढच्या वर्षी तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. म्हणजे आम्ही शेवटच्या गाडीच्या शेवटच्या डब्याला लटकून आत शिरलो. जागा मिळाली, गाडी हलली नाही. पुढं गतिशक्ती योजनेत कागदांची तपासणी झाली, पत्रं गेली, पत्रं आली. जमिनीवर रूळ पडला नाही. उलट मधल्या काळात कोविडमध्ये थांबलेली सह्याद्री एक्स्प्रेस परत आली ती मुंबईपर्यंत न जाता पुण्यापर्यंतच. नवी वाट मागायला गेलो आणि जुनी आखूड झाली.

आमच्या कट्ट्यावर मात्र या मार्गाचं काम कधीच पूर्ण झालं आहे. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत सह्याद्री फोडलेले इंजिनिअर भरपूर आहेत. कुणी बोगदा गगनगडाच्या उजवीकडून काढतो, कुणी डावीकडून. कुणी म्हणतो स्टेशन कळ्याला पाहिजे, कुणी म्हणतो असळजला, कारण त्याच्या मेहुण्याची जमीन तिथं आहे. निवृत्त मास्तर या सगळ्यांचे चीफ इंजिनिअर. परवा एका पोरानं त्यांना छेडलं.

"मास्तर, गाडी येणार काय हो?"

"येणार की. तुझ्या नातवाचं वऱ्हाड रेल्वेनंच कोकणात जाणार, लिहून ठेव."

"मास्तर, माझंच लगीन अजून व्हायचं हाय."

"मग गडबड कशाला करतोयस? वेळ हाय की."

हसण्यावारी नेलं तरी मास्तरांच्या हिशेबाला आधार आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. बीड शहरात गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधे तीस वर्षं गेली, आणि तिथं सह्याद्रीसारखी भिंत आडवी नव्हती. मंजुरीच्या वेळी शाळेत असलेली मुलं पहिली गाडी बघायला आपली मुलं खांद्यावर घेऊन आली असतील. हाच वेग धरला, तर २०१६ ची आमची गाडी २०४६ ला. मास्तरांनी नातवाचा हिशेब फार लांबचा लावलेला नाही.

सह्याद्रीचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. आश्वासन देणाऱ्यांनी त्याला कधी विचारलेलं नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर. गगनबावडा त्याहून वर. आणि तिथं जमीन एकदम संपते. खाली कोकण. एसटीची लाल गाडी करूळच्या घाटात नागमोडी वळणं घेत, ब्रेक आवळत, प्रवाशांना देवाचं नाव घ्यायला लावत उतरून जाते. रेल्वेला अशी वळणं घेता येत नाहीत. तिला चढही सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून शंभर मीटरला एक मीटर एवढाच चढउतार तिच्या प्रकृतीला मानवतो. या हिशेबानं चारशे मीटर खाली उतरायचं तर चाळीस किलोमीटरचा रूळ नुसता उतरणीत घालवावा लागतो. तो सरळ घालायला डोंगरात जागा नाही, म्हणून बोगदे, आणि दोन बोगद्यांच्या मधे दरी, म्हणून पूल. वर गगनबावड्याचा पाऊस. महाराष्ट्रात जिथं सर्वांत जास्त कोसळतो अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. तिथं काम करायला वर्षाचे महिनेही पुरते मिळत नाहीत.

इंग्रजांनी बोरघाटात रेल्वे चढवली, ती सदतीस मीटरला एक मीटर अशा उभ्या चढानं, आणि त्याची किंमत आजही चुकती होते : कर्जतला गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडावी लागतात. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला गाडी गेली. सात वर्षं. त्या सात वर्षांत रोगराईनं आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं. तो काळ चांगला होता असं म्हणणाऱ्यानं घाटात पहार घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसांना विचारायला हवं होतं.

आमच्या स्वतःच्या रेल्वेची गोष्ट त्याहून जवळची. कोल्हापूर संस्थाननं मिरजेपर्यंत रेल्वे बांधायचं ठरवलं आणि १८८८ साली तिची पायाभरणी झाली. पायाभरणी ज्यांच्या हातून झाली त्या शाहू महाराजांना तेव्हा चौदावं वर्ष चालू होतं. राज्याधिकार मिळायला अजून सहा वर्षं होती. १८९१ ला गाडी सुरू झाली. एकोणतीस मैल, तीन वर्षं. मधे कृष्णा-पंचगंगेचा मुलूख, त्यातला रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल. सपाट माळ होता, सह्याद्री आडवा नव्हता, आणि रयतेची जमीन घ्यायला दरबाराला आजच्यासारख्या सुनावण्या घ्याव्या लागत नव्हत्या, हे सगळं मान्य. तरीही एक गोष्ट डोळ्यांत भरते : त्या रेल्वेसाठी कुणाला मत मागायचं नव्हतं. म्हणून बहुधा ती बांधायला वेळ मिळाला. पुढं महाराजांनी त्याच मार्गावर १९१७ साली जयसिंगपूर वसवलं, पेठ बांधली, व्यापार आणला. स्टेशन झालं म्हणून गाव झालं. आता गावं आधी आहेत, त्यांच्या भिंतींवर रेल्वेच्या घोषणा आहेत, आणि स्टेशन तेवढं व्हायचं आहे.

लोकशाहीत रेल्वे होतच नाही, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. घाट उतरून खाली बघा. कोकण रेल्वे लोकशाहीतच झाली. तीही अशक्य म्हणून गणली गेली होती. अ. ब. वालावलकरांसारखा माणूस तिचा आराखडा उराशी धरून वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिला. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत बोलत राहिले. १९७१ साली ते गेल्यावर त्याच मतदारसंघातून मधू दंडवते आले आणि त्यांनी तोच धागा पकडला. हेच ते दंडवते, ज्यांनी रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. आज आपण जिच्यावर बसून रेल्वेला शिव्या देतो, ती त्यांची. १९८९ ला दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दोघांनी मिळून मार्ग काढला. रेल्वेच्या नेहमीच्या रांगेत उभं न राहता १९९० साली वेगळं महामंडळ स्थापलं. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे सहा-सहा. उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला. ई. श्रीधरन यांच्याकडे काम दिलं. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपासची रेल्वे सुरू झाली. डोंगर तोच, पाऊस तोच, देशही हाच.

फरक कुठं पडला? वाटणी लिहून झाली, जबाबदार माणूस नेमला गेला, आणि त्याआधी कितीतरी वर्षं काही माणसं निवडणूक नसतानाही तोच विषय बोलत राहिली. कोकणातल्या माणसाच्या चिकाटीबद्दल घाटावर विनोद पुष्कळ आहेत. आंब्याच्या पेटीवरून भाव करणारा कोकणी माणूस किती ताणू शकतो हे लक्ष्मीपुरीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं रेल्वेही तशीच ताणून आणली.

कोल्हापूरकरांना हे जमत नाही असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील चाळीसहून अधिक वर्षं मागे लागले होते. काळे कोट घालून मोर्चे काढले, काम बंद ठेवलं, शिष्टमंडळं नेली, हसण्यावारी गेले, पुन्हा गेले. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं काम कोल्हापुरात सुरू झालं. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनची अशीच चेष्टा व्हायची. २०२३ च्या दिवाळीत तिचं पाणी शहरात आलं. थेट नावाच्या योजनेनं किती वळणं घेतली हा वेगळा विषय, पण पाणी आलं.

आणि बेंच आल्यामुळं वैभववाडीच्या गाडीची गरज एकदम वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे या बेंचच्या अखत्यारीत आहेत. म्हणजे कणकवलीचा, कुडाळचा, राजापूरचा पक्षकार आता कागदांची पिशवी काखेत मारून घाट चढून कोल्हापूरला येणार. पावसाळ्यात घाट बंद असला, तर त्याची तारीख हुकणार, आणि घाटात दरड आली होती हे न्यायालयाला पटवायला आणखी एक अर्ज करावा लागणार. सीपीआर रुग्णालयात दाखवायला आणलेला सिंधुदुर्गातला रुग्ण आधीपासूनच त्या वळणांवर कळवळत येतो. खालून मासळी, आंबा, काजू, फणस यायचा. वरून गूळ, साखर, भाजीपाला, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं ओतकाम आणि इचलकरंजीचं कापड जायचं. ही देवाणघेवाण बैलांच्या तांड्यांच्या काळापासून याच घाटांनी चालत आली आहे. रेल्वेनं ती नव्यानं सुरू करायची नाही, फक्त तिच्या पाठीवरचं ओझं घ्यायचं आहे.

एक शंका मात्र मी मास्तरांना हळूच विचारली. ही गाडी झाली, तर कोल्हापूर शेवटचं स्टेशन राहणार नाही. गाड्या खालून भरून येतील. महालक्ष्मी वैभववाडीहून, नाहीतर सावंतवाडीहून सुटेल. आपल्याला रात्री प्लॅटफॉर्मवर उभं राहून भरल्या डब्यात घुसावं लागेल, खिडकीत कोकणातली माणसं फणसाच्या पिशव्या पायाशी घेऊन बसलेली असतील, आणि येताना पहाटेचा गजर लावून झोपावं लागेल. नाहीतर जाग येईल ती थेट कणकवलीत. मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कणकवलीत उठलो तर उठलो. मासं खाऊन परत येऊ." एवढं मोठं मन करून बसलेल्या माणसाला कुणी नुसत्या पेढ्यावर वाटेला लावू नये.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पुढच्या सभेत 'वैभववाडीचं बोला' असं ओरडू नका. वक्त्याला तेच हवं असतं. त्याऐवजी उठून चार साधे प्रश्न विचारा. या वर्षीच्या अर्थसंकल्पात या मार्गासमोर नेमकी किती रक्कम आहे? राज्यानं आपला वाटा किती आणि कोणत्या तारखेला भरला? किती हेक्टर जमीन ताब्यात आली? आणि बोगद्याच्या पहिल्या तोंडाची निविदा कधी निघणार? उत्तर कागदावर मागा आणि तो कागद जपून ठेवा. निवडणूक झाली, गुलाल धुऊन झाला, फलक उतरले, की सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन निवडून आलेल्याच्या दारात जा, आणि पडलेल्याच्याही दारात जा, कारण त्यानंही हीच गाडी देऊ केली होती. वकिलांना चाळीस वर्षं लागली. आपण आज सुरुवात केली, तर मास्तरांच्या हिशेबातलं एखादं लग्न तरी वाचेल.